पाहुण्याकडे पाठ

स्टॅनकाका आमच्या घरातून कधी सरळ बाहेर पडले नाहीत. ते उलटे जायचे. तोंड आमच्याकडे, पाठ दाराकडे, कमरेत जरासे वाकलेले, आणि एकेक पाऊल मागे टाकत. बाईमाणसाकडे पाठ फिरवून निघायचं नाही, ही म्हणे त्यांच्या पोलंडातली रीत. आता आमचं अमेरिकेतलं, एडिसनचं अपार्टमेंट म्हणजे काही राजवाडा नव्हे. दाराशी चपलांचा स्टँड, त्याला टेकवलेली सुधीरची छत्री, शेजारी कुंडीत माझी तुळस. काका निघाले की आधी छत्री पडायची, मग स्टँड कलंडायचा, मग "पार्डन, मॅडम, पार्डन" म्हणत ते सगळं उचलायला वाकायचे, तेही आमच्याकडे तोंड ठेवूनच, आणि त्या वाकण्यात तुळस जायची. त्या उन्हाळ्यात मी किती वेळा तुळस लावली याला गणती नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, "अगं, ती कुंडी हलव ना तिथून." मी म्हणायची, "मी का हलवू? त्यांना सांग सरळ चालायला." सांगितलं अर्थात कुणीच नाही.

खरं नाव स्तानिस्वाफ. आडनावात अक्षरं इतकी दाटीवाटीने बसली होती की पोस्टमनसुद्धा ते वाचायच्या भानगडीत पडत नसे. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी त्यांचं स्टॅनकाका करून टाकलं आणि विषय मिटला. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहायचे. सत्तरीचा उंच माणूस, पांढऱ्या झुबकेदार मिशा, भर जूनमध्ये अंगात लोकरीचं जाकीट. एका खिशात ब्रश, दुसऱ्या खिशात उकडलेलं अंडं. कुणी भेटलं की आधी हात हातात घेऊन त्यावर ओठ टेकवायचे, आणि मग अंडं पुढे करायचे. मी शाकाहारी आहे हे त्यांना मी निदान वर्षभर इंग्रजीतून सांगत होते. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंडं.

काका चित्रकार होते. स्वतःला नॅचरलिस्ट म्हणवायचे. म्हणजे काय, तर डोळ्यांसमोर जे आहे ते आणि तेवढंच काढायचं. मनानं काही घालायचं नाही, काढून टाकायचं नाही, गोड करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण या एका नियमापायी त्या माणसानं आयुष्यभर जो काय गोंधळ घातला, तो विचारू नका. पूर्वी ते ग्रीटिंग कार्डं छापणाऱ्या एका कंपनीत होते. बर्फ फार सुरेख काढायचे म्हणून साहेब खूष. एका डिसेंबरात साहेबानं सांगितलं, आता गाडीत बसलेला सांताक्लॉज काढा, पुढे उडणारी हरणं. काका म्हणाले, "काढतो. कधी उडणार आहेत?" साहेबाला वाटलं थट्टा आहे. काका मात्र खरोखर पॅड आणि पेन्सिल घेऊन खिडकीशी बसून राहिले. नोकरी गेली.

आमच्या मंडळातल्या डॉक्टर सबनिसांनी एकदा हौसेनं त्यांच्याकडून आपलं पोर्ट्रेट करून घेतलं. डॉक्टर हृदयाचे, मोठ्या हॉस्पिटलात, टाय लावून बसले. चित्रात टाय आला, कपाळावरचा घाम आला, मस आला, आणि बसण्यापूर्वी चिवडा खाल्ला होता तर मिशीत अडकलेला एक पोहाही आला. डॉक्टर बिचारे म्हणाले, "काका, जरा यंग दाखवा ना यार."

"तुम्ही तरुण होऊन या," काका म्हणाले, "मी दाखवतो."

ते पोर्ट्रेट सबनिसांच्या कपाटात कोटांमागे असतं असं मिसेस सबनीस सांगायच्या. पोह्याचं मात्र त्या मनापासून कौतुक करायच्या. "अगदी आमच्याकडचाच पोहा," म्हणायच्या.

काकांच्या हॉलमध्ये एक भलामोठा कॅनव्हास उभा होता. त्यांच्या गावची बटाट्याची काढणी. एवढा मोठा की मागची अख्खी भिंत त्यानं खाल्ली होती आणि सोफा स्वयंपाकघरात गेला होता. काकांनी चौकट घरातच ठोकली होती, कापड घरातच ताणलं होतं. सुधीर इंजिनिअर. त्यानं पहिल्याच दिवशी दाराकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, हे बाहेर कसं काढणार?"

"आधी पूर्ण तर होऊ दे," काका म्हणाले.

ते पूर्ण होत नव्हतं. शेत झालं होतं, आभाळ झालं होतं, खणणारी माणसं झाली होती. एका कोपऱ्यात बदक होतं, तेही समोर बसवून काढलेलं, कारण काकांनी कुठल्याशा फार्मवरून खरं बदक आणून बाथटबमध्ये ठेवलं होतं. टब बदकाला दिल्यामुळे काका आंघोळीला आमच्याकडे येत आणि आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून, उलटे बाहेर पडत. पण चित्राच्या ऐन मध्यावर एक जागा कोरी होती. जमिनीवर बसलेल्या बाईच्या आकाराची. मी विचारलं, तर म्हणाले, "माझी आई."

पहिल्या महायुद्धात, काका लहान असतानाच, त्यांचं गाव गेलं, आई गेली, घरातला एक फोटोसुद्धा उरला नाही. मी म्हटलं, "मग आठवणीतून काढा ना." त्यावर ते माझ्यावर असे चिडले की मिशा थरथरल्या. "आठवण खोटं बोलते. बटाटा खोटं बोलत नाही." मग जरा शांत झाल्यावर म्हणाले, "आणि आठवणार काय? सहा पोरं, एक गाय, एक दारू पिणारा नवरा. ती आमच्याकडे तोंड करून कधी बसणार? चेहरा मला आठवत नाही. पाठ आठवते. जमिनीवर बसायची, बटाटे सोलायची. मी तिच्या मागं खेळायचो. तसं बसणारी बाई मी अमेरिकेत इतकी वर्षं शोधतोय. इथं कुणी बसतच नाही. सगळे खुर्चीवर लटकतात."

आणि ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये तासगावहून आमच्या सासूबाई, माई, आल्या.

माईंना आल्या आल्या अमेरिकेत एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे सुधीरच्या गाडीचं बॉनेट. मे महिन्यात चांगलं ऊन पडलं तशी त्यांनी डाळ वाटली, पार्किंग लॉटमध्ये गेल्या, बॉनेटवर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर सांडगे घातले. खारी यायला लागल्या म्हणून हातात कोट अडकवायचा हँगर घेऊन गाडीशेजारी डांबरावर उकिडव्या बसल्या. नऊवारी, डोईवर पदर, कपाळावर हिरवं गोंदण. मी कामावरून आले तो हे दृश्य. आणि त्यांच्यासमोर स्टॅनकाका उभे, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"माई, काय झालं?"

"मला काय ठाऊक बाई. केव्हाचा उभा आहे. भुकेला असेल म्हणून मी ओला सांडगा दिला, तर तो हातात घेऊन रडतोय."

काका माझ्याकडे वळले. "मॅडम," ते म्हणाले, "ही बसते!"

"हो, बसतात," मी म्हटलं.

"टाचा टेकवून! पाठ सरळ! उठताना हात लावत नाही! बाई बसते, मॅडम!" आणि त्यांनी माईंचा हात धरून त्यावर ओठ टेकवले. माईंनी घरी येऊन हात साबणानं धुतला. मग त्यांना वाईट वाटलं. बिचाऱ्याला वाटेल आपण राग धरला, म्हणून मला सांगून त्यांनी काकांना चहाला बोलावलं. त्या त्यांना स्टॅनराव म्हणायच्या.

ठरलं असं की काका रोज दुपारी येणार आणि माई बसतील तशा काढणार. मला त्यांनी एक ताकीद दिली होती. चित्र कुणाचं आहे हे माईंना सांगायचं नाही. सांगितलं की मॉडेल नाटक करायला लागते. मी कबूल केलं. माईंचा मुक्काम ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे वेळ भरपूर होता. आम्हाला वाटलं, आठवडाभरात काम होईल.

आमच्या माईंची रीत मात्र कुणी लक्षात घेतली नव्हती. पाहुण्याकडे पाठ करून बसायचं नाही! माई हॉलमध्ये जमिनीवर पोळ्यांची कणीक मळत बसायच्या. काका पॅड घेऊन हळूच त्यांच्या मागं जायचे. माई तशाच बसल्या बसल्या, परात घेऊन, गर्रकन त्यांच्याकडे तोंड करायच्या. "बसा हो स्टॅनराव." काका पुन्हा मागं जायचे. माई पुन्हा फिरायच्या. कधी कधी तासभर हा प्रकार. काका भिंतीकडेनं, माई मध्ये. एकदा सुधीर ऑफिसातून लवकर आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "हे काय, फेर धरलाय का?"

शेवटी मी माईंना सांगितलं, "माई, त्यांना तुमची पाठच हवी आहे हो."

"असेल हवी," माई म्हणाल्या. "दारात आलेल्या माणसाला मी पाठ दाखवू? तासगावात ऐकलं कुणी तर काय म्हणतील?"

"तासगावला कोण सांगतंय? आणि रोज आंघोळीला येतात ते, आता कसले पाहुणे?"

"पाहुण्यालाही आपण आंघोळीचं पाणी काढतोच की."

पण माझ्या सांगण्याचा मान म्हणून दुसऱ्या दिवशी त्या खरोखर पाठ करून बसल्या. ताठ, जीव मुठीत धरून, आणि दर मिनिटाला मान वळवून बघत, पाहुणा रागावला तर नाही ना. काकांनी दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल खिशात टाकली.

"नको," ते मला म्हणाले. "आता ती बसलेली नाही. आता ती पाठ दाखवते आहे." आणि उलटे चालत गेले. छत्री, स्टँड, तुळस.

ऑगस्टमध्ये सुधीरनं डोकं चालवलं. माईंना कामाला जुंपलं, भोवती आपली माणसं असली, की त्या काकांना विसरतील. शिवाय काकांनी एव्हाना चित्रातली बाकीची माणसं खरवडून टाकली होती. पूर्वी त्यांच्यासाठी मॉडेल म्हणून त्यांनी पोस्टमन आणि लाँड्रीवाल्याला वाकवलं होतं, आणि माईंना बसलेलं पाहिल्यावर ते वाकणं त्यांना बघवेना. तेव्हा मंडळाच्या पिकनिकलाच बटाट्याची काढणी करायची असं ठरलं. पण खणल्याचं सोंग काकांना चालणार नव्हतं. म्हणून पिकनिकच्या आदल्या दिवशी हा सत्तरीचा गृहस्थ सुपरमार्केटमधून पोत्यांनी बटाटे घेऊन आला आणि बिल्डिंगमागच्या लॉनमध्ये एकेक करून पुरत बसला.

रविवारी मंडळ जमलं. बायकांच्या डोक्याला काकांच्या चादरी फाडून केलेले रुमाल, पुरुषांच्या डोक्यावर कसल्याशा टोप्या. सबनीस डॉक्टर फावडं घेऊन, "माझ्या हाताला काही होता कामा नये हं, उद्या प्रोसिजर आहे." सगळ्यांनी खणायला सुरुवात केली आणि बटाटे निघायला लागले. काय सांगू, ज्यांनी आयुष्यात शेत पाहिलं नाही ती माणसं वेडी झाली. "अय्या, मला मिळाला!" "यार, इकडे बघ, केवढा!" स्वतःच आणलेले बटाटे, पण जमिनीतून निघाले की आनंद होतोच.

एकटे पाटील नाखूष होते. पाटील शेतकऱ्याच्या घरातले, इथं टेलिफोन कंपनीत. ते बटाटा हातात धरून काकांपुढे उभे राहिले. "काका, हे राँग आहे. बटाटा असा सुटा नसतो. वर पाला असतो, खाली मुळाला लागतो. आणि हे सगळे धुतलेले आहेत!"

"दुकानात पाला नव्हता," काका म्हणाले.

"मग चित्रात घाला!"

"समोर नाही. घालणार नाही."

त्या चित्रात पोलंडचे शेतकरी आजही सुपरमार्केटचे धुतलेले, एकसारखे बटाटे काढत आहेत. त्यातल्या एकीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. ती मी.

इतक्यात कॉम्प्लेक्सचा मॅनेजर आला. लॉन अर्धं उकरलेलं, वीस-पंचवीस माणसं रुमाल बांधून खणताहेत, एक म्हातारा इझल, म्हणजे चित्राची घोडी, लावून उभा, आणि एक बदक. "व्हॉट इज गोइंग ऑन हिअर?" त्यानं विचारलं. सुधीरच्या तोंडून निघून गेलं, "वुई लॉस्ट सम पोटॅटोज."

मॅनेजर बघत राहिला. त्याच्या देखत सबनिसांनी एक बटाटा काढला, मिसेस सबनिसांनी दुसरा. म्हणजे सुधीर खोटं बोलत नव्हता. तो मान हलवत निघून गेला. पुढच्या आठवड्यात लाँड्री रूममध्ये नोटीस लागली, की सामाईक लॉनमध्ये बटाटे पुरण्यास अथवा काढण्यास सक्त मनाई आहे.

आणि माई? त्यांना ऊन दिसलं, एवढे बटाटे दिसले, त्यांनी थोडे घरून उकडून आणवले, किसणी मागवली आणि किस घालायला बसल्या. टाचा टेकवून, भोवती बटाटे, हुबेहूब. काका श्वास रोखून, बोटांवर चालत मागं गेले. ब्रश उचलला. माई गर्रकन फिरल्या आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा त्यांच्यापुढे धरला. "घ्या हो स्टॅनराव. सकाळपासून उभे आहात."

काकांनी बटाटा खाल्ला. मग ते जमिनीवरच बसले, खुर्चीवर बसायची सवय असलेला माणूस बसतो तसे, आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत. त्या दिवशी सगळ्यांची चित्रं झाली, पाटलांचं रागावलेलं तोंडसुद्धा, आणि तिथून ती घरातल्या मोठ्या कॅनव्हासवर गेली. मधली जागा मात्र कोरीच राहिली. सप्टेंबर आला, माईंचं तिकीट कन्फर्म झालं, आणि मला रात्रंदिवस त्या कोऱ्या जागेचीच काळजी लागली. सांगून टाकावं असं किती वेळा वाटलं. पण सांगितलं तर त्या पाठ दाखवतील, बसणार नाहीत, हे मलाही आता पटलं होतं.

त्याच सुमारास टीव्हीवर पुन्हा पोलंड दिसलं. गेल्या हिवाळ्यापासून तिथं लष्कराचा अंमल होता, रस्त्यावर रणगाडे होते. आता माणसं धावत होती, धूर होता. काका त्या दिवशी आंघोळीला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माई म्हणाल्या, "स्टॅनराव दिसत नाहीत. मऊ भात करते, चल." आम्ही खाली गेलो. दार लोटलेलंच होतं. काका स्वयंपाकघरात त्या सोफ्यावर जाकीट घालून पडलेले, ताप नाही, काही नाही, नुसते पडलेले. सिंक भांड्यांनी भरलेलं. बदक हॉलभर फिरत होतं.

माईंनी आधी त्यांना भात भरवला, मग भांडी घासली, मग बदकाला ओरडून टबात घातलं, आणि मग पदराला हात पुसत हॉलमध्ये आल्या. ते चित्र त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. बराच वेळ पाहत राहिल्या. मला ओळखलं, सुधीरला ओळखलं, पाटलांना बघून हसल्या. मग मधल्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं कोण बसायचंय?"

आता काय लपवायचं? मी म्हटलं, "त्यांची आई."

"कशी होती दिसायला?"

"चेहरा आठवत नाही म्हणतात. पाठ तेवढी आठवते. बटाटे सोलत बसायची."

वर आल्यावर माईंनी सुधीरला विचारलं, "काय रे, लहानपणची मी तुला कशी आठवते?"

सुधीर पेपर वाचत होता. म्हणाला, "म्हणजे? चुलीपुढं. पाठमोरी. आम्ही मागून ओरडायचो, भूक लागली, आणि तू न बघताच ओरडायचीस, थांबा रे मेल्यांनो." आणि मग त्याला स्वतःच्याच बोलण्याचं काहीतरी वाटलं असावं, कारण त्यानं पेपर खाली ठेवला. माई आत गेल्या. त्या संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं.

माई निघायच्या आदल्या दिवशी घरात बॅगांचा पसारा होता. दुपारी त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बटाटे सोलत बसल्या होत्या, प्रवासात भाजी न्यायची म्हणून. तोंड ओट्याकडे. दार वाजलं. स्टॅनकाका आले होते, निरोप घ्यायला. जाकिटावर टाय, हातात फुलं, अंडं बहुतेक खिशात. पॅडसुद्धा आणलं नव्हतं. त्यांनी आशा सोडली होती. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि माईंनी वळावं, हात पुढे करावा, म्हणून थांबले.

माई वळल्या नाहीत.

"आलास?" त्या बटाटा सोलता सोलता म्हणाल्या. "पाय पूस आधी. चिखल आणू नकोस घरात. आणि जेवला नसशील, उभा काय राहिलास, बस की मेल्या."

त्यांच्याशी बोलताना माईंनी आजवर 'तुम्ही' कधी सोडलं नव्हतं. काकांना मराठी एक अक्षर कळत नव्हतं. पण ते थिजून उभे राहिले होते. मग माझ्याकडे वळून कुजबुजले, "कागद." मी काय देणार? फ्रीजवरचं कॅलेंडर ओढून काढलं आणि त्याची कोरी बाजू वर करून दिली. त्यांनी दारातच, जमिनीवर फतकल मारून, काढायला सुरुवात केली.

माई तासभर बोलत होत्या. इतका वेळ एकदाही मागं वळल्या नाहीत. त्यांना ओरडत होत्या, की भांडी घासत जा, इतकी अंडी खाऊ नको, त्या बदकाला परत नेऊन दे, माणसानं टबात स्वतः बसावं. काका पोलिश भाषेत काहीतरी उत्तरं देत होते. बारीक आवाजात, उलट बोललेलं चालणार नाही हे ठाऊक असलेल्या पोराच्या आवाजात. बटाटे केव्हाच संपले होते. भाजीला पुरून उरतील एवढे सोलून झाले होते, तरी माई सोलतच होत्या. मी पिशवीतले आणखी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवत गेले. आता त्या मुद्दाम तशा बसल्या होत्या का? काकांच्या हिशेबानं ते मुद्दाम असतं तर त्यांनी पेन्सिल ठेवली असती. ठेवली नाही. मी माईंना कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी माई विमानानं गेल्या, बटाट्याची भाजी आम्ही आठवडाभर खाल्ली, आणि महिनाभरात ती कोरी जागा भरली. पोलंडच्या शेतात, माझ्या आणि सबनिसांच्या मधोमध, नऊवारी नेसलेली एक बाई पाठमोरी बसली आहे. काकांनी नऊवारी बदलली नाही. समोर जे होतं ते होतं. "ही माझी आई," ते मला म्हणाले. मी होय म्हटलं. आणि मला त्यात खोटं काहीच वाटलं नाही.

वसंतात काका शिकागोला भाचीकडे राहायला निघाले. भाचीकडे मोठं गॅरेज होतं, चित्र तिथं मावणार होतं. प्रश्न होता तो सुधीरनं पहिल्याच दिवशी विचारलेला. मंडळातले सगळे इंजिनिअर जमले, तीन तास मोजमापं घेतली, आणि शेवटी पाटलांनी खिडकी चौकटीसकट काढली. रविवारी सकाळी चित्र खिडकीतून बाहेर आलं. आठ माणसं ते धरून लॉनवरून चालली, मागे बदकाला काखोटीला मारलेले काका. मॅनेजर धावत आला. त्यानं खिडकीच्या भोकाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि चित्रातल्या माणसांकडे बघून तो थबकला, कारण त्याला बरेच जण ओळखू आले.

"वुई फाउंड द पोटॅटोज," सुधीर म्हणाला.

चित्र पाटलांच्या व्हॅनच्या टपावर बांधलं. काका शेवटचे वर आले, आमच्याकडे. मी तुळशीची कुंडी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. छत्रीही. उलटे निघतील, निदान आज तरी काही पडू नये म्हणून. डबा दिला, काळजी घ्या म्हटलं. काकांनी माझा हात धरला नाही. डबा काखेत मारला, काहीतरी पुटपुटले, बहुधा आत भाजी कसली आहे ते विचारलं, आणि गर्रकन वळून सरळ चालत दाराबाहेर पडले. पायऱ्या उतरले. खिडकीतून मला त्यांची रुंद पाठ दिसत होती, लोकरी जाकिटाची, मधोमध शिवण उसवलेली. ते व्हॅनमध्ये पुढं बसले. गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

सुधीर खालून वर आला तो वैतागूनच. "काय माणूस आहे! एवढी खिडकी काढली त्याच्यासाठी, साधा हातसुद्धा नाही हलवला."

मी डोळे पुसत होते आणि हसतही होते. त्याला वाटलं मला राग आलाय.

"असू दे रे," मी म्हटलं. "घरचाच आहे तो."